लहान 'जे'चं मोल

न्यूयॉर्कच्या चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स या प्रकाशनसंस्थेने १० एप्रिल १९२५ रोजी एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' बाजारात आणली. किंमत दोन डॉलर. जॅकेट फ्रान्सिस कुगाटने रंगवलेलं: गडद निळ्या आभाळात तरंगणारे दोन डोळे आणि खाली झगमगणारी रोषणाई. या जॅकेटाच्या मागच्या बाजूला कादंबरीची ओळख करून देणारा मजकूर आहे. त्यातल्या चौदाव्या ओळीत जे गॅट्सबी हे नायकाचं नाव छापताना पहिला 'जे' कॅपिटलऐवजी लहान पडला. चूक वेळेत कुणाच्या तरी लक्षात आली असावी, कारण पहिल्या खेपेच्या बहुतेक जॅकेटांवर तो लहान 'जे' हाताने, शाईने मोठा केलेला दिसतो.

दुर्मीळ पुस्तकांचा व्यापारी गॅट्सबीची प्रत हातात आली की समोरच्या त्या प्रसिद्ध डोळ्यांकडे पाहतच नाही, आधी उलटून चौदावी ओळ गाठतो. जॅकेटाशिवायची पहिल्या छपाईची प्रत काही हजार डॉलरला मिळते. तीच प्रत तिच्या मूळ जॅकेटासह असेल तर हिशोबच बदलतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात अशी एक प्रत पावणेचार लाख डॉलरच्या आसपास गेली. कागदाचा हा एक तुकडा पुस्तकापेक्षा कितीतरी पट महाग ठरतो, त्याला कारणही तसंच आहे. गॅट्सबीचं जॅकेट पुस्तकापेक्षा किंचित उंच कापलं गेलं होतं. कपाटात सरकवताना वरची कड दुमडायची, फाटायची, आणि लोक ते काढून टाकायचे. त्या काळी जॅकेट म्हणजे दुकानातून घरी येईपर्यंत पुस्तक मळू नये म्हणून घातलेलं वेष्टन, एवढीच समजूत होती.

संग्राहक 'पहिली आवृत्ती' म्हणतात तेव्हा त्यांना खरं तर पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण हवं असतं. टाइप एकदा जुळवला की त्यावरून जितकी पुस्तकं निघतील ती सगळी एकच आवृत्ती, मग ती पाच वर्षांत वीस वेळा छापली तरी. म्हणून कॉपीराइटच्या पानावर 'पहिली आवृत्ती' हे शब्द आहेत एवढ्यावर काही ठरत नाही. पहिल्या मुद्रणातही आणखी पोटभेद निघतात: छपाई चालू असतानाच एखादं अक्षर निसटलं, जॅकेट मध्येच बदललं, बांधणीचं कापड संपलं म्हणून दुसऱ्या रंगाचं आणलं. जॉन कार्टर या इंग्रज ग्रंथविक्रेत्याने १९५२ साली संग्राहकांसाठी या संज्ञांचा एक छोटा कोश लिहिला. तो अजूनही व्यापाऱ्यांच्या टेबलावर असतो आणि संज्ञांवरची भांडणंही अजून मिटलेली नाहीत.

कामाला सुरुवात मात्र कॉपीराइटच्या पानापासूनच होते, आणि तिथे प्रत्येक प्रकाशकाची तऱ्हा वेगळी. स्क्रिब्नर्सने १९३० पासून पहिल्या मुद्रणावर 'ए' हे एकच अक्षर छापायला सुरुवात केली. हेमिंग्वेच्या 'फॉर हूम द बेल टोल्स' (१९४०) किंवा 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) या पुस्तकांत तो 'ए' नसेल तर पुढे बघायचंच नाही. पण हेमिंग्वेचीच १९२६ आणि १९२९ ची पुस्तकं या पद्धतीच्या आधीची. तिथे 'ए' शोधत बसणारा फसतो. ब्रिटिश प्रकाशक मितभाषी. 'प्रथम प्रकाशन अमुक साली' एवढी एक ओळ, आणि तिच्याखाली दुसऱ्या-तिसऱ्या मुद्रणाच्या नोंदी नसल्या की प्रत पहिली मानायची.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकड्यांची ओळ आली. कॉपीराइटच्या पानाच्या तळाशी दहापासून एकपर्यंतचे आकडे ओळीने छापलेले असतात, त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. ही युक्ती छापखान्यातून आलेली आहे. तयार प्लेटवर नवा मजकूर घालणं खर्चाचं, असलेला आकडा खरवडून टाकणं सोपं. दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी 'एक' खरवडायचा, तिसऱ्याला 'दोन'. काही प्रकाशक विषम आकडे डावीकडे आणि सम आकडे उजवीकडे लावतात, म्हणजे आकडे दोन्ही टोकांनी उडत गेले तरी ओळ पानाच्या मधोमध राहते. नियम समजला असं वाटायला लागतं तोच रँडम हाउस मध्ये येतं. त्यांच्या बऱ्याच पुस्तकांत पहिल्या मुद्रणाची ओळ 'दोन'पासून सुरू होते आणि शेजारी 'फर्स्ट एडिशन' असे शब्द असतात. दुसऱ्या मुद्रणाला आकड्याला हात न लावता ते शब्दच काढून टाकायचे, अशी त्यांची रीत होती. ती माहीत नसलेल्या किती जणांनी अस्सल पहिली प्रत 'दुसरी' समजून स्वस्तात विकली असेल!

डबलडे या अमेरिकन प्रकाशकाची खूण तर पुस्तक मोडेल की काय अशी भीती वाटावी इतकं उघडून पाहावी लागते. शेवटच्या पानांपैकी एका पानावर, बांधणीच्या घळीत, एक अक्षर आणि एक आकडा बारीक टाइपात छापलेला असे. अक्षर वर्षाचं, आकडा आठवड्याचा. स्टीफन किंगची पहिली कादंबरी 'कॅरी' (१९७४) घेतली तर पान १९९ च्या घळीत 'पी ६' हवं. १९७५ च्या 'सेलम्स लॉट'मध्ये 'क्यू ३५'. 'द शायनिंग' प्रकाशित झाली जानेवारी १९७७ मध्ये, पण तिच्या घळीत 'आर ४९' आहे, म्हणजे छपाई आदल्या वर्षाच्या डिसेंबरातली. 'सेलम्स लॉट'च्या जॅकेटाची गंमत आणखी वेगळी. आतल्या घडीवरच्या मजकुरात फादर कॅलहन या पात्राचं नाव 'फादर कोडी' असं पडलं. शिवाय छापलेली किंमत ८.९५ डॉलर ऐनवेळी जास्त वाटली, म्हणून जॅकेटांचे कोपरे कापून ७.९५ छापण्यात आलं. न कापलेलं, ८.९५ किंमत शाबूत असलेलं जॅकेट क्वचितच हाती लागतं.

चुका हा या धंद्याचा पाया आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. मुद्रितशोधक ज्यासाठी बोलणी खातो त्याच गोष्टीला संग्राहक पैसे मोजतो. हेमिंग्वेच्या 'द सन ऑल्सो राइजेस' (१९२६) या कादंबरीच्या पान १८१ वर, सव्विसाव्या ओळीत 'स्टॉप्ड' या शब्दात तीन 'पी' पडलेत. जॅकेटवर त्याच्याच आधीच्या पुस्तकाचं नाव चुकून अनेकवचनी छापलंय. टॉल्किनचं 'द हॉबिट' लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विनने २१ सप्टेंबर १९३७ रोजी काढलं, प्रती फक्त १,५००. जॅकेट खुद्द टॉल्किनने रेखाटलेलं. मागच्या घडीवर त्याची तुलना लुईस कॅरोलशी केली आहे आणि तिथे कॅरोलच्या खऱ्या आडनावात, डॉजसनमध्ये, एक 'ई' जास्तीचा घुसलाय. प्रकाशकाच्या माणसांनी तो 'ई' पेनने खोडला. अटलांटिकच्या दोन काठांवरच्या दोन प्रकाशकांनी बारा वर्षांच्या अंतराने एकाच उपायाने वेळ मारून नेली.

गॅट्सबीच्या आतल्या चुका अभ्यासण्यासारख्या आहेत, कारण सगळ्या एका जातीच्या नाहीत. पहिलं मुद्रण २०,८७० प्रतींचं. ऑगस्टमध्ये तीन हजारांचं दुसरं मुद्रण निघालं तेव्हा प्लेटांवर मोजक्याच दुरुस्त्या झाल्या. पान ६० वरचा 'चॅटर' हा साधा शब्द जाऊन 'एकोलेलिया' हा वजनदार शब्द आला. ही छापखान्याची दुरुस्ती नव्हे, लेखकाचं बदललेलं मन आहे. पान ११९ वर 'उत्तरेकडील'चं 'दक्षिणेकडील' झालं, ती तथ्याची चूक. पान २०५ वर 'सिक इन टायर्ड' असे सुटे छापलेले शब्द बोलीतल्या उच्चाराप्रमाणे एकत्र जोडले गेले, तर पान २११ वर शिकागोच्या रेल्वे स्थानकाच्या नावातला फालतू 'स्ट्रीट' उडाला. या जागा एकेक करून तपासल्या की प्रत पहिल्या मुद्रणाची की दुसऱ्या, याबद्दल वाद उरत नाही. तसं पाहिलं तर दुसरं मुद्रण जास्त दुर्मीळ आहे, तीन हजारच निघालं. तरी त्याला पहिल्याची सर नाही. दुसऱ्या मुद्रणाच्या प्रती तर खपल्याही नाहीत. फिट्झजेराल्ड डिसेंबर १९४० मध्ये गेला तेव्हा त्यातल्या काही स्क्रिब्नर्सच्या गोदामात पडून होत्या.

या जागा शोधायच्या कशा? एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी ठेवून ओळीओळीने वाचणं हा जुना मार्ग, डोळ्यांची वाट लावणारा. १९४० च्या दशकाअखेरीस चार्ल्टन हिनमन या अमेरिकन अभ्यासकाने आरसे आणि दिव्यांचं एक अवजड यंत्र बनवलं. दोन प्रतींची तीच ती पानं त्यात एकमेकांवर पडतात, दिवे आळीपाळीने उघडझाप करतात आणि जिथे अक्षरात फरक असेल ती जागा थरथरल्यासारखी हलते. हिनमनचं लक्ष्य शेक्सपिअर होता. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या 'फर्स्ट फोलिओ' या संग्रहाच्या ८२ प्रती आहेत, त्यातल्या पन्नासहून अधिक प्रती त्याने या यंत्राखाली घातल्या. हेच यंत्र पुढे मॅथ्यू ब्रुकोली या फिट्झजेराल्ड-अभ्यासकाने आधुनिक अमेरिकन लेखकांसाठी वापरलं. त्याची फिट्झजेराल्डवरची वर्णनात्मक ग्रंथसूची १९७२ साली आली आणि आज विक्रेते 'अमुक ओळ, अमुक पान' म्हणून जे घडाघडा सांगतात ते बरंचसं अशा सूच्यांमधलं आहे.

चुकांपेक्षा भरवशाची खूण म्हणजे पहिल्या प्रतीत जे नाही ते. पुस्तक यशस्वी होईल हे पहिल्या छपाईला ठाऊक नसतं. इयान फ्लेमिंगचं 'कसिनो रॉयाल' एप्रिल १९५३ मध्ये जोनाथन केपने पावणेपाच हजार प्रतींच्या आसपास छापलं, तेव्हा जेम्स बाँड कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. 'संडे टाइम्स'मधलं कौतुक आतल्या घडीवर आलं ते नंतर. त्यामुळे कौतुक नसलेलं जॅकेट महाग. 'अ फेअरवेल टू आर्म्स' (१९२९) मध्ये पात्रं काल्पनिक असल्याचा खुलासा दुसऱ्या मुद्रणापासून छापला, म्हणजे खुलासा असलेली प्रत बाद. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) बाबतीत मात्र उलटं आहे. सुरुवातीच्या जॅकेटवर लेखकाचा मोठा फोटो होता, सॅलिंजरला तो खपेना, आणि त्याच्या हट्टापायी पुढच्या मुद्रणांतून तो गेला.

छापलेल्या तारखेवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' ३० जून १९३६ ला प्रकाशित झाली. पण मॅकमिलनने पहिली खेप आधीच छापून ठेवली होती, कॉपीराइटच्या पानावर 'मे १९३६' टाकून. मध्ये 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने पुस्तक निवडलं आणि प्रकाशन पुढे गेलं. परिणामी 'जून १९३६' ही खरी तारीख छापलेली प्रत पहिली नाही, आणि खोटा 'मे' असलेली आहे! ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चीही तीच तऱ्हा. पुस्तकात 'मे १९४५' लिहिलंय, दुकानात ते आलं १७ ऑगस्टला, महायुद्ध संपता संपता. प्रती ४,५००, कारण कागदच नव्हता. कागदटंचाईचा पुरावा जॅकेटातच सापडतो. ते उलगडून मागची बाजू पाहिली तर पुष्कळ प्रतींवर 'सर्चलाइट बुक्स' या मालेचं छापून वाया गेलेलं जॅकेट दिसतं. सेकर अँड वॉरबर्गने जुनी जॅकेटं उलटी करून कोऱ्या बाजूवर नवं पुस्तक छापलं होतं. त्या मालेच्या दोन संपादकांपैकी एक ऑर्वेलच. मोतीहारीत जन्मलेल्या या लेखकाचं गाजलेलं पुस्तक त्याच्याच जुन्या मालेच्या रद्दीत गुंडाळून बाहेर पडलं.

'बुक ऑफ द मंथ क्लब'चा उल्लेख आलाच आहे तर नवख्या संग्राहकाची सर्वांत मोठी फसगत कुठे होते तेही सांगायला हवं. १९२६ साली निघालेला हा क्लब सभासदांना टपालाने पुस्तकं पाठवायचा, लाखोंच्या संख्येने. ती पुस्तकं कित्येकदा मूळ प्लेटांवरूनच छापलेली, काहींत 'फर्स्ट एडिशन' हे शब्दही तसेच राहिलेले. ओळखायचं कसं? जॅकेटच्या घडीवर किंमत नसते. पुस्तक हातात हलकं लागतं. आणि मागच्या पुठ्ठ्यावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, शाई न लावता दाबलेला एक लहानसा ठिपका किंवा चौकोन असतो. डोळ्यांना तो सहसा दिसत नाही, अंगठा फिरवला की लागतो. हार्पर लीचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड' लिपिनकॉटने १९६० साली काढलं, पहिली छपाई सुमारे पाच हजारांची. जॅकेटवर ट्रुमन कपोटीचा अभिप्राय आणि मागे त्यानेच काढलेला लेखिकेचा फोटो. क्लबच्या प्रती लांबून अगदी तशाच दिसतात, आणि आजीच्या कपाटात 'पहिली आवृत्ती' सापडल्याचा आनंद बहुतेक वेळा त्या ठिपक्यापाशी संपतो.

'हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन'ची कथा आता सर्वांना पाठ आहे. जून १९९७ मध्ये ब्लूम्सबरीने जाड पुठ्ठ्याच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या, त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांत गेल्या. आकड्यांची ओळ दहापासून एकपर्यंत, कॉपीराइट 'जोआन रोलिंग' या पूर्ण नावावर, पान ५३ वरच्या शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची कांडी दोनदा. ही कांडीची चूक पुढच्या काही मुद्रणांतही सापडते, त्यामुळे ती एकटी कामाची नाही. डिसेंबर २०२१ मध्ये एक प्रत चार लाख ७१ हजार डॉलरला गेली. बाकीच्यांपैकी कित्येकांवर वाचनालयाचे शिक्के आहेत आणि शिक्के असूनही गिऱ्हाईक रांगेत आहे.

इतका पैसा म्हटल्यावर लबाडी येणारच. पहिल्या मुद्रणाचं जॅकेट चौथ्या मुद्रणाच्या पुस्तकावर चढवणं ही सर्वांत साधी. संगणकावर हुबेहूब छापलेली जॅकेटंही मिळतात. प्रामाणिक छापणारे घडीवर तसं लिहितात, पण घडीचा कोपरा कापायला कात्री पुरते. 'फर्स्ट एडिशन लायब्ररी' या नावाने अमेरिकन अभिजात पुस्तकांच्या, जॅकेटांसकट, तंतोतंत प्रतिकृती काढल्या गेल्या होत्या. चुकाही मुळाप्रमाणेच. तीन 'पी' दिसले म्हणून हुरळून जाण्याआधी कागद पाहावा. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाच्या कडा पिवळ्या पडतात आणि जॅकेटचा कणा उन्हाने फिका होतो.

कागदाने पकडून दिलेला या क्षेत्रातला सर्वांत मोठा मासा टॉमस वाइज. हा लंडनचा संग्राहक म्हणजे त्याच्या काळातला ग्रंथसूचीचा शेवटचा शब्द. एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित कवींच्या, कुणी कधी न पाहिलेल्या 'पहिल्या' पुस्तिका त्याच्याकडून बाजारात येत. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची १८४७ सालची, रेडिंगला छापलेली पुस्तिका त्यातली सर्वांत मोलाची. १९३४ साली दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी, वर आलेल्या जॉन कार्टरने आणि ग्रॅहम पोलार्डने, एक चौकशी-ग्रंथ छापला. त्यात वाइजवर थेट आरोप कुठेच नाही. त्यांनी फक्त पुस्तिकांचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा लगदा निघाला आणि इंग्लंडमध्ये तसा कागद १८७४ च्या आधी बनतच नव्हता. मग टाइप तपासला. 'एफ' आणि 'जे'ची काही वळणं नंतरच्या काळातली, आणि ती रिचर्ड क्ले अँड सन्स या छापखान्याची निघाली. वाइज तिथे अभ्यास-मंडळांसाठी जुन्या पुस्तकांच्या प्रतिकृती छापून घेत असे. छापखान्याला हे काम म्हणजे आणखी एक प्रतिकृती, एवढंच ठाऊक. तीन वर्षांनी वाइज वारला, त्याने सरळ कबुली कधीच दिली नाही. योगायोग असा की हॅरी पॉटरच्या त्या ५०० प्रतींवर मुद्रक म्हणून क्लेज हे नाव आहे, ते याच जुन्या छापखान्याच्या वंशातलं.

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर इंग्रजी पुस्तकं चाळणाऱ्याने यातलं थोडं तरी लक्षात ठेवलेलं बरं, पण इथे एक निराळी अडचण येते. ब्रिटिश प्रकाशक भारतासाठी वेगळी पुस्तकं धाडत. मॅकमिलनची 'कलोनिअल लायब्ररी' १८८६ साली सुरू झाली, आणि तिच्या पुस्तकांवर ती फक्त भारत आणि वसाहतींत विकण्यासाठी आहेत असं स्पष्ट छापलेलं असे. इतरांनीही तोच कित्ता गिरवला. कधी कधी आतले फॉर्म लंडनच्या पहिल्या छपाईतलेच असतात, फक्त शीर्षकाचं पान आणि बांधणी वेगळी. ही पहिली आवृत्ती म्हणायची का? लंडनचे विक्रेते नाक मुरडतात. पण मजकूर पहिल्यांदा कुठल्या कागदावर उमटला हाच प्रश्न असेल, तर त्यांच्या नाक मुरडण्याला फारसा अर्थ नाही.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत संशोधकाकडे मात्र एक हत्यार आहे, जे लंडन-न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना सहसा मिळत नाही. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि छपाईचं ठिकाण देणं सक्तीचं झालं, प्रती सरकारजमा कराव्या लागत. त्यावरून मुंबई इलाख्याच्या तिमाही याद्या निघत आणि त्यांत पुस्तकाचं नाव, किंमत आणि किती प्रती छापल्या तो आकडाही नोंदलेला असे. अडचण पुस्तकांच्याच बाजूने आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी पुस्तक आलं की आधी त्याचं मूळ आवरण काढलं आणि कापडी बांधणी चढवली. पुस्तक टिकलं ते त्यामुळेच, आवरण गेलं तेही त्यामुळेच.

विसाव्या शतकातलं मुंबईचं एक पुस्तक मात्र आज जगभरचे संग्राहक मागतात: अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी'. ही कविता आधी १९७४ साली 'ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली'मध्ये आली. पुस्तक निघालं १९७६ मध्ये, 'क्लिअरिंग हाउस'कडून. कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चार कवींनी आपली पुस्तकं आपणच काढायची म्हणून ही संस्था उभारली होती. जाहिरातक्षेत्रात नाव काढलेल्या कोलटकरांनी मुखपृष्ठाचं कामही स्वतःकडे घेतलं. राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला तो पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये. तेव्हा फुटपाथवर 'जेजुरी' दिसलं आणि त्यावर कुठेही पुरस्काराचा उल्लेख असला, तर ती प्रत खुशाल वाचायला घ्यावी, पहिली म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.